गटाच्या ग्रासकटरचं इंजिन

पाऊस ओसरला, बांधावर गवत कमरेएवढं झालं, की गटाचं ग्रासकटर रोज नव्या दारात जातं. भाडं वेळेवर जमा होतं, पण ऑइल कोणी बघायचं हे मात्र ठरलेलं नसतं. मग ऐन हंगामात मशीन बंद पडतं आणि बिघडवलं कुणी यावरून बैठकीत तोंडं फिरतात.

आधी एवढं ओळखा, की आपलं इंजिन टू-स्ट्रोक आहे की फोर-स्ट्रोक. टू-स्ट्रोकला ऑइल भरायची वेगळी जागाच नसते, ते पेट्रोलमध्येच मिसळायचं. मशीनच्या पुस्तिकेत 50 ला 1 लिहिलं असेल तर एका लिटरला 20 मिली टू-टी ऑइल. 25 ला 1 असेल तर 40 मिली. अंदाजाने ओतू नका, मापच वापरा. नुसतं पेट्रोल टाकलं तरी मशीन सुरू होतं, झकास चालतंही. फसगत तिथेच होते, कारण आत पिस्टन कोरडा घासत असतो आणि थोड्या वेळात जाम होतो. ती दुरुस्ती गटाला परवडत नाही. म्हणून मिसळलेल्या पेट्रोलचा डबा वेगळा ठेवा, त्यावर ठळक खूण करा.

फोर-स्ट्रोकचं उलट. पेट्रोल साधं, ऑइल वेगळं. रोज कामाआधी मशीन सपाट जागी ठेवून पातळी बघायची. नव्या मशीनचं पहिलं ऑइल लवकर बदलतात, कारण नव्या भागांचा बारीक कीस त्यात उतरतो.

आता फिल्टर. गवताची भुकटी तिथे बसली की इंजिनाला दम लागतो, काळा धूर येतो. स्पंजचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा. पुस्तिकेत सांगितलं असेल तर ऑइलचे थेंब लावून दाबून काढा. कागदी असेल तर फक्त झटका, भिजवू नका.

प्लग इंजिन गार झाल्यावरच काढा. काजळी धरली असेल तर पुसा. पात्याला हात लावण्याआधी प्लगची टोपी काढायचीच, मग कितीही घाई असो.

हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि उरलेलं पेट्रोल संपून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं. पुढच्या वर्षी दोरी ओढून खांदे दुखतात ते त्यामुळेही.

आणि एक वही करा. मशीन कोणी नेलं, किती तास चाललं, ऑइल कधी बदललं. ती वही मशीनच्याच पिशवीत राहू द्या.