आधी अंगठा

म्हातारी मांजर चालताना ऐकू येते. तरण्या मांजराच्या नख्या चालताना आत मिटलेल्या असतात. बोटाचं शेवटचं हाड मागे धरून ठेवणारा लवचिक बंध ते काम आपोआप करतो. वयाबरोबर त्याचा ताण जातो, नख्या पुरत्या आत जात नाहीत आणि फरशीवर टकटक सुरू होते. माझ्या मावशीची ठमी सतरा वर्षांची आहे. ती स्वयंपाकघरातून निघाली की बाहेरच्या खोलीत कळतं. चादरीत नखी अडकली तर ओढाओढ करत नाही, कोणी येऊन सोडवेपर्यंत तशीच उभी राहते.

‘‘मांजराची कसली नखं कापायची? ती घासते की आपली आपण,’’ असं शेजारच्या काकू म्हणतात. तरुणपणी ते खरंच असतं. मांजराची नखी थरांनी वाढते. दारावर, गोणपाटावर ओरबाडताना वरचं जुनं टरफल सापाच्या कातीसारखं निघून येतं आणि आतून नवी टोकदार नखी बाहेर पडते. झाडू मारताना ती चंद्रकोरीसारखी टरफलं सापडतात. मागच्या पायांची मांजर दातांनी सोलून काढते. पण ओरबाडायचं तर मागच्या पायांवर उभं राहून अंग ताणावं लागतं, आणि तिथेच म्हातारपण आडवं येतं. १२ वर्षांपुढच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासलेला एक अमेरिकन अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या ९० मांजरांच्या सांध्यांत झीज दिसली होती. मांजर कण्हत नाही, लंगडतही नाही. ती फक्त ओरबाडणं सोडते. मग टरफलावर टरफल साचतं, नखी जाड, पिवळट, ठिसूळ होते आणि वळत जाते.

पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार, अशा एकूण १८ नख्या. त्यांतल्या चोरट्या दोन. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूला, जरा वर असलेला अंगठा जमिनीला टेकतच नाही. त्याची नखी झिजत नाही, वाजत नाही, केसांत दिसतही नाही. ती गोल फिरून थेट पंजाच्या गादीत शिरते.

ठमीचं तेच झालं. उजवा पाय सारखा चाटायची, तिथले केस ओले आणि चिकट, जवळ गेलं की वास. मावशीला चष्मा लावूनही काही दिसेना. दवाखान्यात डॉक्टरांनी केस बाजूला केले तेव्हा नखीचं जवळजवळ पूर्ण कडं झालेलं होतं, टोक आत रुतलेलं. कडं मधोमध कापलं. रुतलेला तुकडा चिमट्यात धरून तो ज्या वळणाने आत गेला होता त्याच वळणाने मागे काढला. सरळ ओढला तर गादी फाटते. मागे एक खोल भोक राहिलं, थोडा पू आला. सलाइनने धुतलं, टाके नाहीत, पट्टी नाही. ठमी एकदा फिसकारली, एवढंच.

डॉक्टरांचं बोट मग तिच्या गळ्यावर फिरलं. ‘‘आजी, खाते भरपूर आणि वाळत चाललीय का?’’ म्हाताऱ्या मांजरात थायरॉइड वाढला की नख्याही जाड होतात, भराभर वाढतात. रक्त तपासायला घेतलं. निघताना त्यांनी दोनदा बजावलं: जखमेला डेटॉल लावायचं नाही, ती चाटते आणि ते तिला विषारी. दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल तर मुळीच नाही, अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

आता नख्यांचं काम माझ्याकडे आहे. पुष्कळ जण मांजराला टॉवेलात गुंडाळून, दोघांनी दाबून धरून, एका बैठकीत सगळ्या नख्या उरकतात. दुखऱ्या सांध्यांच्या प्राण्यावर ही जबरदस्तीच आहे, आणि पुढच्या वेळी ती पलंगाखालून बाहेर येत नाही. त्यापेक्षा जेवून उन्हात पसरलेली असताना दोन नख्या, जमल्या तर तीन. पाय बाजूला फाकवायचा नाही, आहे तिथेच जेमतेम उचलायचा. वर अंगठा, खाली गादीवर बोट, हलकं दाबलं की नखी बाहेर येते. कोवळ्या नखीत गुलाबी जिव्हाळी स्पष्ट दिसते. म्हाताऱ्या नखीत मोबाइलचा टॉर्च धरूनही काही कळत नाही. म्हणून फक्त पुढचा आकडा उडवायचा. आपलं नेलकटर नको, त्याने नखी चेपते आणि उभी चिरते. खाच असलेली छोटी कात्री मिळते, ती बाजूने लावायची. जिव्हाळीला लागलंच तर तुरटीची पूड कापसावर घेऊन दाबून धरायची; कॉर्नफ्लोअरही चालतं.

सुरुवात दोन्ही अंगठ्यांपासून. कारण ठमी कधी उठून जाईल याचा नेम नाही, आणि बाकीच्या नख्या आठवडाभर थांबू शकतात.

मावशी समोर बसून सूचना देते. ‘‘अगं, हळू. तिला संधिवात आहे.’’ मग स्वतःचा गुडघा चोळत, ‘‘मलाही आहे, पण माझी नखं कापायला कोणी येत नाही.’’ त्या दिवशी तिचीही कापून दिली.

ओरबाडायला आणलेल्या उभ्या खांबाकडे ठमीने ढुंकून पाहिलं नव्हतं. त्याचं गोणपाट सोडवून जमिनीवर आडवं अंथरलं तर त्यावर पुढचे पंजे थोडेफार चालवते. मागच्या पायांना मात्र हात लावू देत नाही, चावते. ते डॉक्टरांवर सोडलंय. थायरॉइडच्या गोळ्या चालू असल्याने रक्त तपासायला आणि वजन करायला तिला न्यावंच लागतं.