'इम्पोर्ट'चा विसरलेला अर्थ

'इम्पोर्ट' म्हटले की आपल्याला बंदर, जहाज आणि जकात आठवते. इंग्रजीत मात्र या शब्दाला दुसराही अर्थ आहे: सुचवणे, अर्थ असणे. शेक्सपियरच्या 'हॅम्लेट'मध्ये राजा क्लॉडियस इंग्लंडच्या राजाला फर्मान धाडतो. ते हॅम्लेटचा मृत्यू 'इम्पोर्ट' करते, असे तो म्हणतो. इथे काही आयात होत नाही. हॅम्लेटला मारावे, हा त्या फर्मानाचा मजकूर आहे. हा संदर्भ ठाऊक नसेल तर आजचा वाचक तिथे हमखास अडखळतो.

मूळ लॅटिनमध्ये आहे. 'पोर्तारे' म्हणजे वाहून नेणे; 'इम्पोर्तारे' म्हणजे आत आणणे. जहाज माल आत आणते, तसा शब्द आपल्या पोटात अर्थ घेऊन येतो. मध्ययुगीन लॅटिनमध्ये हाच शब्द 'सूचित करणे' आणि 'महत्त्वाचे असणे' अशा अर्थांनी रुळला होता. 'इम्पॉर्टंट' हा रोजचा शब्द याच घरातला. ज्याच्या पोटात काही आहे, ज्याचे परिणाम होणार आहेत, ते महत्त्वाचे! मला ही वाट फार सुंदर वाटते, कारण मराठीतही आपण कुणाच्या 'शब्दाला वजन आहे' असे म्हणतो. अर्थाला ओझ्याच्या रूपात पाहणे दोन्ही भाषांना सुचले.

'पोर्टर', 'ट्रान्सपोर्ट', 'रिपोर्ट' हे सगळे त्याच 'पोर्तारे'चे वंशज. जुना अर्थ पुरता गेलेला नाही. एखाद्या विधानाचा आशय किंवा गांभीर्य सांगताना गंभीर इंग्रजी लेखनात 'इम्पोर्ट' हे नाम अजूनही भेटते.