बूस्टर डोस आणि प्रतिकारशक्तीची स्मृती

भारताच्या राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकात बाळाला 6, 10 आणि 14 आठवड्यांना पेंटाव्हॅलंट लस मिळते, आणि तिच्यातील घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांविरुद्धच्या घटकांची वर्धक मात्रा, म्हणजे बूस्टर डोस, 16 ते 24 महिन्यांत व पुन्हा 5 ते 6 वर्षांच्या वयात दिली जाते. प्रारंभीच्या मात्रेच्या वेळी प्रतिजन, म्हणजे जंतूची ओळख पटवणारा रेणू, शरीराला अपरिचित असल्याने प्रतिपिंडे तयार व्हायला एक-दोन आठवडे लागतात, आणि आधी येणारी आयजीएम प्रतिपिंडे तशी सैल पकडीचीच असतात; मात्र याच काळात लसिकाग्रंथींमध्ये बी-पेशींची निवड होऊन दीर्घायुषी स्मृतिपेशी घडतात. ही निवड घाईने उरकत नाही, म्हणूनच वर्धक मात्रा काही महिन्यांच्या अंतराने देणे हितावह ठरते. ती स्मृतिपेशींना जागे करते, त्यामुळे थोड्याच दिवसांत आयजीजी प्रतिपिंडांची पातळी पूर्वीपेक्षा वर जाते आणि त्यांची पकडही घट्ट होते. गोवराच्या दुसऱ्या मात्रेला सरसकट याच रांगेत बसवणे मात्र बरोबर नाही, कारण पहिल्या मात्रेने ज्या मुलांत प्रतिकारशक्ती निर्माणच झाली नाही, त्यांना संरक्षण देणे हा तिचा मुख्य हेतू असतो. धनुर्वाताविरुद्धची प्रतिपिंडे कालांतराने ओसरत असल्याने 10 आणि 16 वर्षांना टीडी लस टोचली जाते.