जाणारी डाक : रांगेतली शिस्त

टॉम जेनिंग्ज यांनी १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत फिडोनेट सुरू केले. त्यातले हौशी बुलेटिन बोर्ड एकमेकांना मोडेमवरून फोन लावून डाक पोचवत. नांदगाव पेठेतून मुंबईचा बोर्ड गाठायचा तर एसटीडी कॉल, म्हणून पत्रे साठवून रात्रीच्या पाव दरात एकदम पाठवणेच परवडणारे. आशियाच्या झोन ६ साठी डाकतास, म्हणजे बोर्डांनी आपसात डाक देण्याघेण्यासाठी राखलेला तास, आपल्याकडच्या मध्यरात्रीनंतर, १.३० ते २.३० ला येई.

बिंकलीटर्म या डाक पोचवणाऱ्या प्रणालीत जाणाऱ्या डाकेची रांग म्हणजे साधा फोल्डर. फाइलच्या नावातच पत्ता: नेट (बोर्डांचा गट) १००, नोड (त्यातला एक बोर्ड) १० चे षोडशमान रूप ००६४०००ए. पुढच्या एक्स्टेन्शनमधले ‘सी’ अक्षर म्हणजे ताबडतोब फोन लावा; ‘एच’ म्हणजे समोरचा फोन करून नेईपर्यंत राखून ठेवा. खर्च कोणी सोसायचा, हे त्या एका अक्षरावर ठरे. इतकी नेटकी रचना आजही मोहवते.

डाक चालू असताना त्या पत्त्याची ‘बीएसवाय’ फाइल तयार होई, म्हणजे दुसरा प्रोग्राम मध्ये हात घालत नसे. मधेच वीज गेली की ती मागे राही आणि त्या नोडची डाक अडे. संगणक पुन्हा सुरू करताना जुन्या ‘बीएसवाय’ फाइली आधी पुसाव्यात.