दुर्गाचे छायाचित्र आणि त्यामागील नोंद

रायगड जिल्ह्यात थळच्या किनाऱ्यासमोर असलेल्या खांदेरी दुर्गाचे बांधकाम १६७९ मध्ये सुरू झाले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या मराठ्यांच्या बारा दुर्गांपैकी तो एक होय. लाटांच्या माऱ्याने तटाची झीज किती झाली, हे वेगवेगळ्या वर्षांची छायाचित्रे ताडून पाहता येते. मात्र ती केव्हा व कोठून घेतली, याची नोंद हवी.

डिजिटल कॅमेऱ्याच्या ‘रॉ’ म्हणजे कच्च्या फाईलमध्ये दृश्याबरोबरच दिनांक, वेळ व भिंगाचा तपशील आपोआप नोंदला जातो. संगणकावर तो वाचता येतो. परंतु कॅमेऱ्याचे घड्याळ चुकीचे असल्यास तीच चूक प्रत्येक फाईलमध्ये उतरते. जीपीएसची सोय नसल्यास स्थळाची नोंदही होत नाही.

अशी दुरुस्ती, तसेच बुरुजाचे नाव, दिशा इत्यादी भर ‘एक्सएमपी’ या स्वतंत्र जोडफाईलमध्ये करणे श्रेयस्कर ठरते. रॉ फाईलची रचना उत्पादकागणिक भिन्न असल्याने तीत थेट फेरफार करताना मूळ चित्र बिघडण्याचा संभव असतो. दोन्ही फाईली एकाच नावाने, एकत्र जतन कराव्यात.

गावातील वास्तूंची छायाचित्रे घेणाऱ्या शाळांनी व ग्रामपंचायतींनी प्रथम कॅमेऱ्याचे घड्याळ तपासावे. आजची अचूक नोंद हाच उद्याच्या जतनकार्याचा आधार होय.