इंद्रावतीकाठची रानम्हैस

महाराष्ट्राच्या जंगलात आजही रानम्हैस आहे असं म्हटलं, की ऐकणाऱ्याला हमखास गवा आठवतो. साहजिकच आहे. गवा राधानगरीत दिसतो, कोकणातल्या बागांत उतरतो. २०२० च्या डिसेंबरात एक गवा थेट पुण्यात कोथरूडला आला आणि माणसांच्या पाठलागात बिचारा जिवाला मुकला. रानम्हैस हे जनावर मात्र वेगळं. गव्याच्या पाठीवर उंच वशिंडासारखा कणा असतो, पायांत पांढरे मोजे. रानम्हशीची पाठ सपाट, गळ्याखाली फिकट पट्टा आणि शिंगं चपटी, आडव्या वळ्यांची, चंद्रकोरीसारखी मागे पसरलेली. मोठ्या नराच्या दोन शिंगांच्या टोकांमधलं अंतर दोन मीटरपर्यंत जातं आणि वजन हजार-बाराशे किलोंपर्यंत भरतं. आपल्या गोठ्यात रवंथ करणाऱ्या म्हशीचं मूळ कूळ हेच.

हे जनावर महाराष्ट्रात उरलं आहे ते गडचिरोलीच्या दक्षिणेला, सिरोंचा वनविभागातल्या कोलामार्का परिसरात. २०१३ मध्ये सुमारे १८० चौरस किलोमीटरचा हा टापू संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. जवळच छत्तीसगडची हद्द, आणि त्या बाजूला इंद्रावती व्याघ्र प्रकल्प. जगभरात रानम्हशी चार हजारांच्याही आत आहेत असा अंदाज आहे आणि त्यांतल्या बहुतेक आसाममध्ये, मुख्यतः काझीरंगा आणि मानसमध्ये. छत्तीसगड आणि गडचिरोली मिळून मध्य भारतात उरलेल्या रानम्हशी शंभराच्याही आत धरल्या जातात.

एकेकाळी रानम्हैस अशी कोपऱ्यात दडलेली नव्हती. १९७४ साली प्रवरेकाठच्या दायमाबादला सापडलेल्या धातूच्या मूर्तींत बैलगाडीबरोबर हत्ती, गेंडा आणि म्हैस आहे. ओतणाऱ्या कारागिराने गेंडा कुठे पाहिला असेल यावर वाद होऊ शकतो. पण अंगाने मोठ्या जनावरांची त्या माणसांना किती जवळून ओळख होती, हे त्या मूर्तींकडे पाहताना जाणवतं. आज गेंडा आपल्या राज्यातून गेलेला आहे. रानम्हैस शिल्लक आहे, पण जेमतेम.

बाकीची कशाने गेली? शिकारीने, हे खरं. गवताळ नदीकाठ शेताखाली आले, हेही खरं. पण सर्वांत मोठा घाव बुळकांडीचा. गुरांतून पसरणारा हा रोग खूरवाल्या रानटी जनावरांनाही कळपच्या कळप संपवून टाकी. २०११ मध्ये जग बुळकांडीमुक्त झाल्याचं जाहीर झालं, तोवर मध्य भारतातल्या बहुतेक जंगलांतून रानम्हैस नाहीशी झाली होती.

आणि मग येतो तो प्रश्न, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: उरलेली तरी खरोखर रानटी आहे का? पाळीव म्हैस आणि रानम्हैस यांचा संकर सहज होतो. आसामात गुराखी जंगलाकडेला म्हशींचे खुटी नावाचे तळ टाकतात आणि रानटी रेडा कळपात आला तर त्यांना तो हवाच असतो, कारण संतती दणकट निघते. नेपाळच्या कोशी टप्पू अभयारण्यातल्या म्हशींची जनुकीय तपासणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात रानटी, पाळीव आणि मिश्र असे तिन्ही गट वेगळे काढावे लागले होते. नुसत्या डोळ्यांनी हा फरक ओळखणं फार अवघड.

रानम्हैस हा छत्तीसगडचा राज्यप्राणी. तिथल्या उदंतीत गेल्या दोन दशकांत जे झालं ते वाचताना मन विषण्ण होतं. कळप घटत घटत शेवटी मादी एकच उरली, आशा नावाची. तिला कुंपणात ठेवलं. तिला पिल्लं झाली, पण बहुतेक नरच. डिसेंबर २०१४ मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत तिच्या पेशीपासून दीपाशा हा क्लोन जन्माला आला. शास्त्रज्ञांच्या कौशल्याला दाद दिलीच पाहिजे, पण दीपाशा जंगलात कधी गेली नाही. आशा २०२० मध्ये मेली. त्याच वर्षी, आणि पुन्हा २०२३ मध्ये, आसामातून काही रानम्हशी छत्तीसगडच्याच बारनवापारा अभयारण्यात आणल्या गेल्या. त्याही कुंपणातच. दोन दूरच्या प्रदेशांतले वंश मिसळण्यावर अभ्यासकांनी आक्षेप घेतला, आणि तो मला रास्त वाटतो.

कारण रानम्हैस म्हणजे केवळ रक्त नव्हे. माद्या आणि पिल्लांचा कळप जाणत्या मादीमागून चालतो. उन्हाळ्यात कुठल्या डोहाला पाणी राहतं, कोवळं गवत कधी कुठे फुटतं, हे तिला ठाऊक असतं. वाघ आला तर पिल्लांना आत घेऊन माद्या शिंगं बाहेर रोखून उभ्या राहतात. दुपारी चिखलात लोळून अंगावर जाड थर चढवतात, तो वाळला की माश्या-गोचिडांचा त्रास कमी होतो. दहा-अकरा महिन्यांच्या गाभणकाळानंतर एकच पिल्लू होतं, तेही या कळपातच शिकत वाढतं. ही शिकवण कुंपणात मिळत नाही.

म्हणून कोलामार्काचा लहानसा मोकळा कळप मला कुठल्याही प्रजनन केंद्रापेक्षा मोलाचा वाटतो. नक्षली हिंसाचारामुळे या भागात वर्षानुवर्षं नीट गणना झाली नाही; त्याच दुर्गमतेने कदाचित जनावरांना थोडी उसंतही दिली. आता जिल्ह्यात रस्ते पोहोचत आहेत. त्यांच्यामागून गाई-म्हशी आणि त्यांचे रोग येणार. भोवतालच्या गावांत पावसाळ्याआधी प्रत्येक जनावराला घटसर्प आणि लाळ्या-खुरकुताची लस टोचली गेली पाहिजे, आणि चराईचं क्षेत्र माडिया आदिवासी गावकऱ्यांशी बोलून ठरलं पाहिजे, त्यांच्यावर लादून नव्हे. जनावरं सीमा ओळखत नाहीत. म्हणून दोन्ही राज्यांनी एकाच आठवड्यात मोजणी करावी, शेण गोळा करून जनुकीय तपासणी करावी, आणि वर्षाला किती पिल्लं जगली याची वेगळी नोंद ठेवावी. त्या नोंदीवरूनच कळेल, कळप वाढतो आहे की नुसता म्हातारा होतो आहे.