चिखलदऱ्याचे पांढरे गवत, गुलमर्गचा बर्फ

थंडीची लाट जोरात असली की एखाद्या पहाटे चिखलदऱ्याहून छायाचित्र येते. गवताच्या पात्यांवर आणि गाडीच्या टपावर पांढरा थर साचलेला असतो. दुपारपर्यंत ते अमरावती-अकोल्यातल्या घराघरांतल्या मोबाइलवर पोहोचते, सोबत एक ओळ असते: 'विदर्भाच्या नंदनवनात बर्फ पडला!' दुसऱ्या दिवशी काही कुटुंबे मुलाबाळांसह परतवाड्याचा घाट चढतात. नऊ वाजता वर पोहोचतात तेव्हा गवत नुसतेच ओले असते.

छायाचित्र खोटे नसते आणि त्यातला बर्फही खरा असतो. 'पडला' हा शब्द तेवढा चुकतो. तो थर आभाळातून आलेला नसतो, जमिनीवरच तयार झालेला असतो. मराठीत त्याला दहिवर म्हणतात.

निरभ्र आकाश, शांत हवा

हिवाळ्यात रात्र मोठी असते. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की दिवसभर तापलेली जमीन आपली उष्णता वेगाने बाहेर टाकते. जमिनीलगतची हवा सर्वांत आधी गार होते. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या लाकडी पेटीत असतो. तो ४-५ अंश दाखवत असताना गवताचे पाते शून्याखाली गेलेले असू शकते. मग हवेतली वाफ पात्यावरच गोठते. थंड हवा जड असल्याने उतारावरून ओघळून खोलगट भागात साचते. म्हणून कधी कधी माथ्यापेक्षा दरीतल्या सपाटीवर गारठा जास्त असतो.

खऱ्या हिमवृष्टीला नेमके याच्या उलट लागते, म्हणजे ढग. ढग रात्री पांघरुणासारखे काम करतात आणि जमिनीची उष्णता अडवतात. त्यामुळे चिखलदऱ्यात ढग आले की थंडी कमी होते आणि थंडी कडक असते तेव्हा ढग नसतात. दोन्ही एकत्र येण्यासाठी उंची हवी, आणि उत्तरेकडचे स्थानही.

अमरावती समुद्रसपाटीपासून सुमारे ३४० मीटरवर आहे, चिखलदरा सुमारे १,१०० मीटरवर. दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश तापमान उतरते. या हिशेबाने दोघांत फरक पडतो तो सुमारे पाच अंशांचा. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५च्या पुढे गेला की हे पाच अंश मोलाचे वाटतात, पण बर्फासाठी ते पुरत नाहीत. काश्मीरमधले गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे आणि तिथली गोंडोला प्रवाशांना त्याहूनही बाराशे मीटरपेक्षा अधिक वर, अफरवटच्या अंगावर नेते.

वारे तेच, परिणाम वेगळा

तरीही गुलमर्ग आणि वऱ्हाड यांचे हिवाळी नाते जवळचे आहे. भूमध्य समुद्राच्या बाजूने पश्चिमी वाऱ्यांबरोबर कमी दाबाच्या लाटा भारताकडे सरकतात. त्यांना 'पश्चिमी विक्षोभ' म्हणतात. ते हिमालयाला धडकले की काश्मीर-हिमाचलात बर्फ पडतो. विक्षोभ पुढे सरकला की उत्तरेकडचे कोरडे, थंड वारे मध्य भारतात उतरतात आणि वऱ्हाडात हुडहुडी भरते.

हे विक्षोभ रुसले तर काय होते, ते जानेवारी २०२४ मध्ये दिसले. ऐन 'चिल्लई कलान'मध्ये, म्हणजे २१ डिसेंबरपासूनच्या कडाक्याच्या चाळीस दिवसांत, गुलमर्गचे स्कीइंगचे उतार तपकिरी होते. पर्यटक आले आणि हिरमुसून परतले. २०२५ मध्ये बर्फाअभावी तिथल्या 'खेलो इंडिया' हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या.

गार का वितळत नाही?

फेब्रुवारी-मार्चमध्ये विक्षोभाची लाट दक्षिणेकडे खोल उतरली आणि तिला समुद्रावरून आलेली बाष्पयुक्त हवा भेटली, की वऱ्हाडावर गडगडाटी ढग उभे राहतात. इथे आभाळातून पडणारा बर्फ भेटतो तो गारेच्या रूपात.

वऱ्हाडावर हिवाळ्यातही शून्य अंशाची पातळी साधारण चार किलोमीटर उंचीवर असते. हिमकण सेकंदाला जेमतेम एक मीटर वेगाने तरंगत येतो. शेवटचे तीन किलोमीटर उबदार हवेतून उतरायला त्याला पाऊण तासाहून अधिक वेळ लागेल, त्यामुळे तो वाटेतच पाऊस होतो. गारेचे तसे नाही. ढगातले जोरदार ऊर्ध्व वारे तिला वर धरून ठेवतात. शून्याखाली जाऊनही न गोठलेले पाण्याचे थेंब तिच्यावर आदळून गोठत राहतात. वाऱ्याला वजन पेलेनासे झाले की ती सुटते. सेकंदाला पंधरा मीटर वेगाने तेच अंतर ती तीन-साडेतीन मिनिटांत कापते, वितळायला तिला सवडच मिळत नाही.

याच काळात हरभरा घाट्यावर आणि गहू ओंबीवर असतो. वरूड-मोर्शीत संत्र्याचा मृग बहार तोडणीला आलेला असतो आणि आंबिया बहाराची फुले वा बारीक फळे झाडावर असतात. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधली गारपीट विदर्भ-मराठवाड्यातले शेतकरी अजून विसरलेले नाहीत.

आकाश वाचताना

नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचे जिल्हावार इशारे रंगांत येतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ त्यावर आधारित पीकसल्ला देते. गारपिटीच्या इशाऱ्यानंतर कापलेला माल झाकणे, जनावरे गोठ्यात घेणे एवढे तरी हाती असते. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप आहे. गडगडाट ऐकू आला की झाडाखाली थांबू नये, पक्क्या घरात जावे. दहिवराची शक्यता असेल तर संध्याकाळी पिकाला हलके पाणी द्यावे. ओली जमीन उष्णता धरून ठेवते.

थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. चिखलदऱ्याला मुक्कामी जाणाऱ्या हृदयविकार वा दम्याच्या रुग्णांनी पहाटेचे फिरणे ऊन पडेपर्यंत लांबवावे, औषधे सोबत ठेवावीत. सर्वांत मोठा धोका मात्र खोलीच्या आत असतो. दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटवली की कार्बन मोनॉक्साइड वायू साचतो. त्याला रंग नसतो, वासही नसतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही त्याची खूण. असे वाटताच सगळ्यांनी लगेच मोकळ्या हवेत यावे आणि दवाखाना गाठावा. झोपताना शेगडी विझवून खोलीबाहेर ठेवावी, आणि अंगावर एक गोधडी जास्त घ्यावी.

आणि पांढरे गवत पाहायचेच असेल, तर आदल्या संध्याकाळी आकाशाकडे पाहावे. चांदण्या लख्ख दिसत असतील आणि पान हलत नसेल, तर पहाटे उठण्यात अर्थ आहे. ढग असतील तर खुशाल झोपावे.